आधी क्षेमकुशल

कार्ल्याच्या डोंगराच्या पायऱ्या चढणारी बहुतेक माणसे एकवीरेच्या दर्शनाला निघालेली असतात. देवळाला लागूनच मागे प्राचीन चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर आणि आतल्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी कोरलेल्या आहेत. बऱ्याच ओळी दानाच्या: कोणी खांब दिला, कोणी दर्शनी काम करवले, वैजयंतीच्या भूतपाल शेठीने हे शैलगृह पुरे केले. एका लेखाचा घाट मात्र निराळा आहे. सातवाहन राजाने मामाळच्या अमात्याला पाठवलेले ते आज्ञापत्र आहे. वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजक हे गाव दिले आहे, असे त्यात कळवले आहे. वलूरक म्हणजे हेच कार्ले आणि मामाळ म्हणजे आजचे मावळ. मावळच्या पत्त्यावर आलेले हे पत्र दगडावर उतरवले गेले, म्हणून सुमारे 1,900 वर्षे टिकले.

नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याच घराण्याचे आणखी एक पत्र आहे. गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याची राजमाता यांच्या नावाने ते गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला गेले आहे. मजकूर जमिनीचा आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, ते गावही वसत नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून त्यांना दुसरी जमीन द्यावी. पण हे सांगण्याआधी पत्रात एक सूचना आहे. सामकाला आमच्या वतीने आधी आरोग्य विचारावे आणि त्यानंतर पुढचे सांगावे.

राज्य चालवणाऱ्याने आपल्याच अधिकाऱ्याला हुकूम द्यायचा, तोही आधीचा हुकूम नीट पार पडला नाही म्हणून, आणि तरीही सुरुवात त्याच्या प्रकृतीपासून करायची! हाताने लिहिलेल्या पत्राचा सगळा शिष्टाचार या एका वळणात आहे. आधी माणूस, मग मजकूर. मायना, कागदाची निवड, भोवती सोडलेली कोरी जागा, शाई, घडी, लखोट्यावरचे नाव, या सगळ्याकडे त्याच नजरेने पाहिले की त्यात निव्वळ थाटमाट दिसत नाही. वाचणारा कोण आहे, त्याचे डोळे कसे आहेत, तो पत्र कुठे बसून उघडेल, याचा लिहिणाऱ्याने आधीच केलेला विचार त्यात दिसतो.

कार्ल्याहून पुण्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर कामशेत लागते. इतिहासकार, 'रियासतकार' गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत 1889 साली लागले, 1925 साली निवृत्त झाले आणि मावळातल्या या गावी येऊन राहिले. 1959 साली कामशेतलाच त्यांचा शेवट झाला. मराठी माणसांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे त्यांच्याइतकी क्वचितच कोणी वाचली असतील. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून, निवडून त्यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंड छापून काढले. साठी उलटल्यावर हाती घेतलेले हे काम आहे.

त्या दफ्तरातले एखादे पत्र हातात घेतले तर काय दिसते? कागद लांबट आणि अरुंद. मजकूर मोठा असला तर एका बंदाला दुसरा बंद खळीने जोडलेला. माथ्याशी 'श्री'. मग कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी आखून घेतलेली रेघ आणि तिला लटकलेली मोडी अक्षरे. लेखणी फारशी उचलायची नाही, शब्द तोडायचे नाहीत, म्हणून ओळ वाहत्या पाण्यासारखी दिसते. पाठीवर वेगळ्या हाताची बारीक नोंद असते: 'पै॥' आणि पुढे चंद्राची तारीख. 'पै॥' म्हणजे पैवस्त, पोहोचले. पत्र कोणत्या दिवशी हाती आले हे घेणाऱ्याच्या कारकुनाने टिपून ठेवायचे, ही शिस्त इतकी पक्की होती की पत्राला वाटेत किती दिवस लागले हे आजही काढता येते.

मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असे. थोरामोठ्यांच्या पत्रांत शेवटचे दोनचार शब्द मात्र धन्याने स्वतः लिहायचे. त्या हाताचे वळण निराळे, कित्येकदा कारकुनाइतके देखणेही नसते. पण पत्र खरे ठरते ते त्याच शब्दांनी, आणि आपुलकीही त्यांतूनच पोचते. 'दस्तुरखुद्द' हा शब्द मराठीत आला तो असा, स्वतःच्या हातचे या अर्थाने. आज छापील आमंत्रणाच्या तळाशी कोणी पेनाने 'तुम्ही आलात तर फार बरे वाटेल' एवढे लिहिते तेव्हा छापलेल्या साऱ्या मजकुराहून तीच ओळ आधी वाचली जाते. ज्याला पूर्ण पत्र लिहायला सवड नाही, त्याने निदान ही जुनी चाल पाळावी.

पत्राच्या सुरुवातीला मराठीत मायना म्हणतात. शब्द अरबीतला आणि त्याचा मूळ अर्थच मुळी 'अर्थ'. मजकूर हाही तिकडचाच. पत्र संपल्यावर आठवलेली गोष्ट लिहायची ती 'ता. क.', म्हणजे ताजा कलम. लेखणी पुन्हा ओली केली एवढेच त्यात सांगितले आहे.

मायन्याची व्याकरणासारखी शिस्त होती. जन्मदात्यांना तीर्थरूप, त्यांच्या बरोबरीच्या इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. धाकट्यांना चिरंजीव. बाहेरच्या मानाच्या माणसाला राजमान्य राजश्री, ज्याचे पुढे नुसते 'रा. रा.' उरले. विद्वान ब्राह्मणाला वेदशास्त्रसंपन्न. मोठ्यांना शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना सप्रेम नमस्कार, लहानांना अनेक आशीर्वाद. 'स. न. वि. वि.' या चार अक्षरांत सप्रेम नमस्कार विनंती विशेष एवढे सगळे मावते. 'बहुत काय लिहिणे' आणि 'कळावे, लोभ असावा' हे निरोपाचे शब्द. या शब्दांत घासून गुळगुळीत झालेल्या पायरीच्या दगडासारखा आधार आहे. सुरुवात कशी करावी या विचाराने पेन अडून बसत नाही.

पण हाच मायना माणसाला त्याच्या पायरीवर उभाही करी. कोणी कोणाला आशीर्वाद लिहायचा, कोणी दंडवत, कोणी रामराम आणि कोणी जोहार, हे जातीने ठरलेले होते. बाईच्या नावामागे 'सौ.' की 'गं. भा.' यावरून टपालवाल्यालाही तिचा नवरा हयात आहे की नाही हे कळे. 'गंगाभागीरथी' हा शब्द ऐकायला पवित्र, पण एखाद्या बाईचे दुःख लखोट्यावर छापायचे काम तो करत होता. तो गेला हे चांगलेच झाले. नावामागे 'श्रीमती' लिहावे किंवा नुसते नाव लिहावे, त्यात उणे काही राहत नाही.

या शिष्टाचाराला आतूनच वळण देणाऱ्यांत सावित्रीबाई फुले यांचे नाव मोठे आहे. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली 1856, 1868 आणि 1877 सालची तीन पत्रे उपलब्ध आहेत. रूढीप्रमाणे बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नसे, पत्रातही नाही. सावित्रीबाई मायन्यात लिहितात, 'सत्यरूप जोतीबा'. तीर्थरूपाच्या जागी सत्यरूप, आणि पुढे चक्क नाव. शिरसाष्टांग नमस्कार मात्र कायम. जुन्या साच्यातला एकच शब्द बदलून एका जोडप्याने आपला संसार कशावर उभा आहे ते सांगून टाकले. यांतले 1877 सालचे पत्र मावळाच्या उत्तरेकडच्या जुन्नर भागातून, ओतूरहून लिहिलेले आहे आणि त्यात दुष्काळाने गांजलेल्या माणसांची हकीकत आहे. पुढे आंबेडकरी चळवळीतल्या माणसांनी 'सप्रेम जयभीम' लिहायला सुरुवात केली, वारकरी 'रामकृष्ण हरी' लिहितात. मायना जिवंत असतो तो असा.

आता लिहिण्याच्या साहित्याकडे वळू.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. रामदासांनी त्यात अक्षर कसे असावे हे कारागिराच्या बारकाईने सांगितले आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. एका ओळीचे काने-मात्रे दुसऱ्या ओळीत घुसू नयेत. पहिले अक्षर आणि ग्रंथाचे शेवटचे अक्षर एकाच लेखणीने काढल्यासारखे दिसावे. तरुणपणी बारीक लिहिलेले म्हातारपणी स्वतःलाच वाचता येत नाही, हेही ते बजावतात. आणि मग एक सूचना येते, जी आजच्या छपाईच्या जाणकारालाही पटेल: पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडा आणि मजकूर मध्ये लिहा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. पानाच्या कडेचा हा समास पाहणाऱ्याला शोभेसाठी सोडलेला वाटतो, पण तो पुढच्या शंभर वर्षांची तरतूद आहे. आजीआजोबांना पत्र लिहिणाऱ्याने एवढा एक समास वाचला तरी पुरे.

बोरू तासणे ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. नदीकाठी उगवणाऱ्या बोरूच्या गवताची वाळलेली कांडी घ्यायची. धारदार चाकूने टोकाशी लांबट तिरपा छेद द्यायचा, आतला भुसभुशीत गर खरवडून टाकायचा. मग टोकाला मधोमध बारीक चीर पाडायची. ही चीर महत्त्वाची, कारण शाई तिच्यातूनच थेंबाथेंबाने खाली येते. फाउंटन पेनाच्या निबाला चीर असते तीही याचसाठी. शेवटी टोक कठीण पाटावर टेकवून एकाच दाबात तिरके कापायचे. दोनदा कापले की कड दातेरी होते आणि कागद ओरखडतो. कडेच्या रुंदीमुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक असा देवनागरीचा झोक आपोआप येतो. बॉलपेनाने हा झोक कितीही प्रयत्न केला तरी येत नाही, कारण त्याची गोळी सगळीकडे सारखीच फिरते.

शाई दोन जातींची. एक काजळाची. तेलाच्या दिव्याचे काजळ धरायचे, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घालून खलायचे आणि खलतच राहायचे. काजळाच्या प्रत्येक कणाभोवती डिंकाचे वेष्टन बसेपर्यंत खलले नाही तर कण तळाशी बसतात. ही शाई उन्हाने उडत नाही, काळाने फिकी पडत नाही. ती कागदाच्या पृष्ठावर बसते, म्हणून पाण्याला मात्र घाबरते. दुसरी शाई हिरड्याची. हिरड्यातला तुरट अंश आणि हिराकस एकत्र आले की आधी फिकट दिसणारे पाणी हवेने काळे होत जाते आणि धाग्यांत मुरते. युरोपात हेच काम ओक वृक्षाच्या गाठी करीत. सह्याद्रीच्या या पट्ट्यात हिरडा उदंड, आजही भीमाशंकर-जुन्नरकडची आदिवासी कुटुंबे तो गोळा करून विकतात. हिराकशीच्या शाईत एक खोट आहे: प्रमाण चुकले तर ती कागदालाच खाते, आणि काही दशकांनी अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते.

विसाव्या शतकात ही खटपट घराघरांतून गेली. 1931 साली मुंबईत दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या बंधूंनी 'हॉर्स ब्रँड'ची शाईची पूड आणि वड्या काढल्या. पुढे त्यांची 'कॅमल' शाई आणि कॅमलिन कंपनी झाली. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या बोटांवर या दांडेकरांचा निळा डाग पडलेला आहे.

आणि कागद. पेशवाईत दोन कागदांचे नाव मोठे होते, दौलताबादी आणि जुन्नरी. जुन्नरला कागद करणारी मुसलमान कुटुंबे कागदी म्हणूनच ओळखली जात. चिंध्या, जुने गोणपाट, दोरखंड कुटून लगदा करायचा, पाण्याच्या हौदात तो विरघळवायचा आणि गवताच्या बारीक जाळीवर उचलायचा. ताव वाळला की त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटायचे. या दोन शेवटच्या पायऱ्यांवर सगळे अवलंबून असते. खळ धाग्यांमधली पोकळी भरते, त्यामुळे शाई पसरत नाही. घोटल्याने बोरू अडखळत नाही. आज हातकागद विकत घेणाऱ्याला यातून एक साधी परीक्षा मिळते. कोपऱ्यात शाईचा थेंब टाकावा. थेंबाला कोळ्यासारखे पाय फुटले तर तो कागद पेट्या-पिशव्यांसाठी चांगला, पत्रासाठी नाही.

गिरणीच्या कागदाने जुन्नरी कागद मागे पडला. हा धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी पुण्यात प्रयोग केले आणि 1940 साली शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू झाली. सुती कापडाच्या कातरणांपासून तिथे कागद बनतो. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही आणि सुती धागा लांब असल्याने ताव शंभर घड्या सोसतो. गांधीजी स्वतः आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी आणि उलटे केलेले लिफाफे लिहायला वापरत. एका हाताने चिटोरा जपणारा माणूस दुसऱ्या हाताने गिरणीशिवाय उत्तम कागद करण्याची वाट उभी करतो, यात विसंगती नाही. दोन्हीकडे कागदाची किंमत कळलेली आहे.

उत्तम साहित्याचा जुना थाट पाहायचा असेल तर खलिता पाहावा. एका दरबाराने दुसऱ्या दरबाराला लिहिताना सोन्याचा वर्ख शिंपडलेला कागद घ्यायचा, पत्राची अरुंद घडी करायची, ती किनखापाच्या थैलीत घालायची, थैलीचे तोंड रेशमी दोरीने बांधून लाखेची मोहोर लावायची. ज्याला पत्र जायचे त्याच्या मानाप्रमाणे थैलीचे कापड ठरे. शाई सुकवायला वर बारीक वाळू भुरभुरत, त्यासाठी वाळूदाणी बैठकीवर असे. जुना कागद उलगडताना आजही कधी घडीतून चार कण खाली पडतात. नाना फडणवीसांच्या काळात ती वाळू कोणी तरी चिमटीने शिंपडलेली असते.

हे कागद घाटातून धावत जात. मुंबई आणि पुणे यांच्यामधले सगळे टपाल बोरघाट चढून मावळात शिरे. आधी जासूद आणि काशीद, मग 1830 साली घाटात पक्का रस्ता झाला, आणि 1863 साली घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर टपालाच्या थैल्या लोणावळ्याला गाडीने येऊ लागल्या. 1879 साली पोस्टकार्ड निघाले, किंमत पाव आणा. हे कार्ड गरिबाच्या हाती आलेले पहिले स्वस्त पत्र. जागा तळहाताएवढी, म्हणून लांबलचक मायन्याची अक्षरे झाली: ती., चि., सा. न. वि. वि. उघडे असल्याने वाटेत कोणीही वाचू शके, म्हणून नाजूक गोष्टी पाकिटात. मृत्यूची वार्ता मात्र कार्डावर येई, वर 'श्री' नसे, आणि वाचून झाले की ते घरात न ठेवता फाडून टाकत. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. पत्र उघडायच्या आधीच हाताला कळावे की आत काय आहे, अशी ती भाषा होती.

पत्ता लिहिण्यालाही महाराष्ट्रात आपले वळण आहे: मु. पो. कामशेत, ता. मावळ, जि. पुणे. गावाला तालुक्याच्या कुशीत आणि तालुक्याला जिल्ह्याच्या कुशीत ठेवून लिहिलेला हा पत्ता. त्याच्या शेवटी येणारे सहा आकडे ही एका मराठी माणसाचीच देणगी आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाली. देशात एकाच नावाची कितीतरी गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, न लागणारी अक्षरे, या सगळ्यांवर तो उपाय होता. लोणावळा 410401, खंडाळा 410301, कामशेत 410405. आकडे सुटे सुटे आणि ठळक काढावेत.

सरदेसाईंच्या कामशेतच्या घरी टपाल कसले येत असे? त्यात कलकत्त्याहून आणि दार्जिलिंगहून आलेली इतिहासकार जदुनाथ सरकारांची पत्रे असत. सरकार आणि सरदेसाई यांची ओळख 1904 च्या सुमारास पत्रांतूनच झाली आणि सरकार 1958 साली जाईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ, ती पत्रांवर वाढली. एक बंगाली, एक मराठी. सरकार मराठी शिकलेले होते, पण पत्रांची भाषा इंग्रजी. कोणते कागद कुठे सापडले, कोणती तारीख चुकली, कोणता खंड छापायला गेला, हा विषय. मतभेद असत आणि सरकार स्पष्ट बोलणारे होते. तरी पत्र थांबले नाही. पुढे हरिराम गुप्त यांनी या पत्रव्यवहाराचा मोठा भाग प्रसिद्ध केला, आणि 2015 साली दीपेश चक्रवर्ती यांनी आधुनिक भारतीय इतिहासलेखनावरचे आपले पुस्तक मुख्यतः याच पत्रांवर उभे केले. जुनी पत्रे शोधणाऱ्या दोन माणसांची पत्रेच शोधायची वस्तू झाली.

सरदेसाईंनी आणखी एक पत्रसंग्रह छापला, तो इतिहासाचा नव्हता. त्यांचा मुलगा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकला, पुढे शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि ऐन तारुण्यात वारला. वडिलांनी त्याची पत्रे 'श्यामकांतची पत्रे' या नावाने प्रसिद्ध केली. हजारो परक्या पत्रांची निगा राखणाऱ्या हातांना हे संपादन किती जड गेले असेल! मुलाचा आवाज त्या कागदांतच उरला होता.

म्हणून आज कोणी विचारले की पत्र कोणत्या प्रसंगी लिहावे, तर पहिला प्रसंग सांत्वनाचा. फोनवर 'काही लागले तर सांगा' यापुढे बोलणे सरकत नाही. पत्रात गेलेल्या माणसाची एखादी खरी आठवण लिहावी, तीही घरच्यांना ठाऊक नसलेली असली तर फारच उत्तम. उपदेश लिहू नये, उत्तराची अपेक्षा दाखवू नये. आठ ओळी पुरतात. दुसरा प्रसंग आभाराचा. 'तुमच्या भेटीबद्दल धन्यवाद' यात काही नाही. 'तुम्ही दिलेल्या पितळी दिव्यात काल पहिल्यांदा वात लावली' यात देणाऱ्याला आपली वस्तू जागेवर दिसते. तिसरा प्रसंग काही कारण नसलेला, आणि तो सगळ्यांत गोड.

कागद दोन्ही हातांत धरला तर वाकून पडू नये इतका जाड असावा. फाउंटन पेनासाठी 100 जीएसएमचा साधा पांढरा कागद उत्तम चालतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात अर्धा तास घालवला तर हवा तो ताव, टाक, निब, शाई सगळे मिळते. शाई निळी किंवा काळी घ्यावी. लाल शाई पत्रात वापरत नाहीत, ती चूक दाखवायची शाई. चुकले तर एका सरळ रेघेने खोडावे, गिरवागिरव करू नये. रेघ नसलेल्या कागदाखाली ठळक आखलेला ताव ठेवला की ओळी आपोआप सरळ येतात. मजकूर आत राहील अशी घडी करावी आणि मायना उघडताच दिसावा.

मावळात एक अडचण मात्र खास आहे. लोणावळ्याला वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आषाढात घरातली प्रत्येक वस्तू ओल धरते. कागदाची खळ मऊ पडते, कालपर्यंत नीट बसणारी शाई आज पसरते, पाकिटांचा गोंद एकमेकांना धरून बसतो. जुने दफ्तरदार कागद लाल खारव्याच्या रुमालात घट्ट बांधून, मध्ये वेखंडाचे तुकडे टाकून फडताळात उंचावर ठेवत. तीच युक्ती आजही चालते. ताव घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत, पाकिटे झडप उघडी ठेवून, एकेक सुटी करून मध्ये साधा कागद घालून रचावी, वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला असावा. लिहायच्या आधी चारदोन ताव बाहेर काढून दिव्याजवळ अर्धा तास ठेवावेत. बाहेर धुके खिडकीला लागलेले असते, पुढची इमारतही दिसत नाही. ताव जरा ताठ झाला की पेन उघडावे, माथ्याशी गाव आणि तारीख घालावी, आणि पहिल्या ओळीत पाऊस कसा आहे ते न सांगता आधी तिकडची प्रकृती विचारावी.